अँटीव्हायरस कुठला टाकू?

घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस लागतो का? लागतो. फायरवॉल, म्हणजे नेटवरून मशीनकडे येणारे संपर्क अडवणारी भिंत? तीही लागते, आणि माझं मत विचाराल तर अँटीव्हायरसच्या आधी लागते. मग कुठला घेऊ? कुठलाच नको. विंडोज १० किंवा ११ असेल तर दोन्ही गोष्टी आधीपासून आत आहेत, आणि कुणी मुद्दाम बंद केल्या नसतील तर चालूही आहेत.

खरं तर एवढ्यावर पोस्ट संपायला हरकत नव्हती. पण हे उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. काहीतरी विकत घ्यायचंच असं ठरवून आलेल्या माणसाला 'आहे तेच पुरे' म्हटलं की वाटतं, याने आपला प्रश्न मनावर घेतलाच नाही. दुसऱ्या टोकाला 'अँटीव्हायरस हे सगळं थोतांड आहे, मी आजवर कधी टाकला नाही, माझं काय बिघडलं?' असं छाती काढून सांगणारे. त्यांच्या मशीनवर विंडोजच्या आतलाच मायक्रोसॉफ्टचा अँटीव्हायरस, डिफेंडर, गुपचूप काम करत असतो आणि त्यांना त्याचा पत्ताच नसतो. काखेत कळसा. म्हणून जरा सविस्तर.

माझी उमेदीची बरीच वर्षं लोकांचे कॉम्प्युटर उघडण्यात, साफ करण्यात आणि फॉरमॅट मारण्यात गेली. आता ते काम करत नाही, पण ओळखीपाळखीतली मशीन अजून येतात. त्यामुळे खालचं सगळं घरच्या कॉम्प्युटरपुरतं आहे. ऑफिसचं जाळं, सर्व्हर, तिथले नियम हा वेगळा विषय.

आधी फायरवॉल, कारण तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही.

ऑगस्ट २००३. विंडोज एक्सपीचा जमाना. कोऱ्या हार्ड डिस्कवर एक्सपी टाकायचं, ड्रायव्हर टाकायचे, मोडेम लावून इंटरनेट जोडायचं आणि अपडेट उतरवत बसायचं, असा आमचा ठरलेला क्रम. त्या महिन्यात तो मोडला. नेट जोडून काही मिनिटं होतात न होतात तोच पडद्यावर एक चौकट यायची. 'रिमोट प्रोसिजर कॉल' नावाची सेवा अचानक बंद पडली आहे, सबब विंडोज आता रीस्टार्ट होणार, असा मजकूर आणि साठपासून उलटे धावणारे सेकंद. 'रद्द करा' असं बटण नाही. आकडा शून्यावर आला की मशीन बंद होऊन पुन्हा चालू. पुन्हा नेट जोडलं की पुन्हा तेच. ज्या अपडेटने हे थांबलं असतं ते उतरवायला मशीन तेवढा वेळ टिकतच नव्हतं.

हा ब्लास्टर नावाचा, नेटवरून आपला आपण पसरणारा विषाणू. जगभर तो दिसायला लागला ११ ऑगस्टला. ज्या भोकातून तो शिरत होता ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलैच्या मध्यालाच काढला होता, पण तेव्हा अपडेट आपोआप टाकून घेणारे होते किती? ब्लास्टरला कुणी ईमेल उघडायला नको होती, कुठली सीडी घालायला नको होती. तो इंटरनेटवरचे पत्ते एकेक करून चाचपडत जायचा आणि १३५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं एक दार, उघडं दिसलं की त्या सेवेच्या गळी एक वेडावाकडा संदेश उतरवायचा. मोडेमने नेट जोडलेला कॉम्प्युटर तेव्हा थेट इंटरनेटवर उघडा असे, मध्ये कुणी नसे. माणसाने काही न करता मशीन लागत होतं.

आणि ज्यांच्याकडे चांगला, ताजा अँटीव्हायरस होता त्यांची गत बघण्यासारखी होती. अँटीव्हायरस ब्लास्टरची फाइल बरोबर पकडायचा, 'सापडला, काढून टाकला' असं अभिमानाने सांगायचा, आणि त्याच्या शेजारीच साठ सेकंदांची चौकट धावत असायची. कारण सोपं आहे. फाइल डिस्कवर येण्याच्या आधीच तो वेडावाकडा संदेश मेमरीत पोचून सेवेला आडवं करून गेलेला असे. अँटीव्हायरस फाइलची वाट बघत बसला होता, घाव त्याच्या आधीच बसत होता. हा फरक ज्याला कळला त्याला दोन्ही वस्तू वेगळ्या का आहेत ते कळलं. फायरवॉल येणारा संपर्क अडवते, अँटीव्हायरस आलेला ऐवज तपासतो.

एक्सपीमध्ये तेव्हाही फायरवॉल होती, हे त्यातलं खरं दुखणं. नेटवर्क कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड टॅब, तिथे एक छोटा चौकोन. तो येताना रिकामा यायचा. मग आम्ही क्रमच बदलला. मोडेमची वायर बाजूला ठेवायची, विंडोज टाकून झालं की आधी त्या चौकोनात टिक करायची, नंतर वायर लावायची. ब्लास्टर बाहेरच्या बाहेर परत. सेकंद धावायला लागलेच तर 'रन'मध्ये शटडाउन, एक डॅश आणि ए एवढं टाइप करून एंटर मारायचं, की उलटी गिनती थांबायची. त्या काळात ही आज्ञा तोंडपाठ नसलेला दुरुस्तीवाला मिळाला नसता.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २००४ च्या अखेरीला, सॅसर नावाचा तसाच दुसरा विषाणू आला. पोर्ट वेगळं, तऱ्हा तीच. ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे अपडेटचा मोठा गठ्ठा, निघाला आणि त्यात फायरवॉल सुरुवातीपासून चालू ठेवायचं ठरलं. घरगुती कॉम्प्युटरच्या सुरक्षेत त्या एका टिकेइतकं मोठं काम पुढे कुणी केलंय असं मला वाटत नाही. विकतच्या कुठल्याच पाकिटाने तर नाहीच.

आज परिस्थिती आणखी सोयीची आहे. घरी वायफायचा राउटर असतो आणि बहुतेक घरांत बाहेरच्या जगाला पत्ता दिसतो तो राउटरचा. आतल्या मशीनला १९२.१६८ ने सुरू होणारा एखादा खासगी पत्ता मिळतो, जो बाहेर कुठे चालत नाही. तुम्ही एखादी वेबसाइट मागवली की राउटर नोंद ठेवतो आणि तिचं उत्तर तुमच्याकडे पोचवतो. न मागवलेलं काही बाहेरून आलं तर ते आत कुणाला द्यायचं हे त्याला माहीतच नसतं, म्हणून ते टाकून देतो. ही व्यवस्था मुळात पत्ते पुरवून वापरण्यासाठी निघाली, सुरक्षेसाठी नव्हे, पण फायदा फुकटात झाला. आयपी, म्हणजे इंटरनेटवर पत्ते देण्याची पद्धत, तिच्या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा खुला पत्ता मिळू शकतो, तिथे हा आडोसा नसतो. तिथे राउटरमधली खरी फायरवॉल चालू आहे ना हे एकदा त्याच्या सेटिंगमध्ये बघून घ्यावं.

मग विंडोजमधली फायरवॉल कशाला ठेवायची? दोन कारणं. लॅपटॉप घराबाहेर जातो, हे पहिलं. तिथलं वायफाय कुणाचं, त्यावर आणखी कोण बसलंय, काही ठाऊक नसतं. नवीन वायफाय जोडताना विंडोजमध्ये ते 'पब्लिक' धरायचं की 'प्रायव्हेट' अशी निवड असते. घरचं सोडून सगळं पब्लिक, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पब्लिकमध्ये तुमचं मशीन शेजारच्या मशीनना दिसत नाही, फोल्डर शेअरिंग बंद राहतं.

दुसरं कारण घरातच असतं. राउटरच्या आतली उपकरणं एकमेकांशी मोकळेपणाने बोलू शकतात. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा विषाणू सुटला तेव्हा तो असाच एका मशीनवरून दुसऱ्यावर ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून उड्या मारत गेला आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत सुटला. दीडशेच्या आसपास देशांत पोचला. त्याचाही पॅच दोन महिने आधी, मार्चमध्ये निघालेला होता. २००३ ते २०१७, चौदा वर्षं गेली आणि गोष्ट तीच.

फायरवॉलचा एक प्रश्न मात्र तुमच्यासमोर कधीतरी येतोच. एखादा नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की चौकट येते, 'याला नेटवर्कवर परवानगी द्यायची का?' बहुतेक लोक डोळे झाकून 'अलाव' दाबतात. मला विचाराल तर 'कॅन्सल' दाबून बघा. विंडोजची फायरवॉल आपणहून बाहेर जाणारं काही अडवत नाही, तो प्रश्न फक्त बाहेरून आत येऊ द्यायचं का एवढाच असतो. ब्राउझिंग, व्हिडिओ, ईमेल या कशालाही ती परवानगी लागत नाही. मित्रांसोबत खेळायचा गेम किंवा घरातल्या घरात फाइल पाठवायचं ॲप असेल आणि ते अडलं, तर मागाहून देता येते.

बाहेर जाणारं प्रत्येक कनेक्शन विचारून विचारून सोडणाऱ्या फायरवॉलही मिळतात. एके काळी मी हौसेने वापरायचो. घरातल्या इतरांना त्या देऊ नका. दिवसभरात इतके प्रश्न येतात की माणूस दोन दिवसांत सगळ्याला 'हो' म्हणायला शिकतो, आणि एकदा ती सवय लागली की खऱ्या धोक्यालाही 'हो'च मिळतं.

राउटरबद्दल दोनच शब्द. त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रकरणात लाखो कॅमेरे आणि राउटर फितवले गेले, आणि त्यासाठी काही साठेक ठरावीक नाव-पासवर्डच्या जोड्या पुरल्या होत्या. आणि यूपीएनपी नावाची सोय लागत नसेल तर बंद करा, कारण तिच्यामुळे आतला कुठलाही प्रोग्रॅम तुम्हाला न विचारता राउटरला भोक पाडून घेऊ शकतो.

आता अँटीव्हायरस.

डिफेंडरबद्दल लोकांच्या मनात जी अढी आहे ती अगदीच निराधार नाही. विंडोज व्हिस्टात डिफेंडर नावाची जी वस्तू होती ती फक्त स्पायवेअर बघायची, विषाणूंशी तिचं देणंघेणं नव्हतं. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टचाच सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाचा अँटीव्हायरस निघाला, तो वेगळा उतरवून टाकावं लागे. २०१२ ला विंडोज ८ आलं तेव्हा कुठे पूर्ण अँटीव्हायरस विंडोजच्या आत आला, आणि सुरुवातीला तुलनात्मक चाचण्यांमध्ये तो मागे असायचा हे खरंय. पण तो काळ गेला. स्वतंत्र प्रयोगशाळांच्या चाचण्यांमध्ये गेली कित्येक वर्षं तो विकतच्या नावाजलेल्यांच्या पंक्तीला बसतोय. जुन्या अनुभवावर आजचं मत बनवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं असतं की निकाल स्वतः बघा.

तो काम करतो कसं, हेही थोडं. पूर्वी अँटीव्हायरस म्हणजे ओळखीच्या गुन्हेगारांची यादी. फाइलचा ठसा यादीशी जुळला की पकडली. आता रोज इतके नवे प्रकार निघतात की नुसत्या यादीने भागत नाही. म्हणून प्रोग्रॅमचं वागणं बघितलं जातं. वर्डची फाइल उघडल्यावर वर्डने अचानक आज्ञा देण्याची काळी खिडकी का उघडली? हा कोण एकापाठोपाठ शेकडो फाइली बदलत सुटलाय? शिवाय अनोळखी फाइल दिसली की तिच्याबद्दल कंपनीच्या सर्व्हरला विचारलं जातं. म्हणूनच तपासणी इंटरनेट चालू असताना जास्त चांगली होते.

तो जागा आहे का हे बघायची एक निरुपद्रवी युक्ती आहे. आयकार नावाची एक चाचणी-फाइल असते, ६८ अक्षरांची, साध्या नोटपॅडमध्येही बनते. ती कुणाचं काही वाकडं करत नाही, पण सगळ्या अँटीव्हायरस कंपन्यांनी ती विषाणूसारखी पकडायची असं ठरवून ठेवलंय. उतरवायला गेलात आणि लगेच हटकलं, तर पहारा चालू आहे. मी कुणाचंही मशीन हातात आलं की हे करतोच.

मग विकतचा का नको? महाग किंवा भिकार असतो म्हणून नव्हे. मशीनमध्ये जितकं खोल त्याला जावं लागतं, तितका तो स्वतःच एक जोखीम होतो. येणारी प्रत्येक फाइल उघडून बघायची, तीही सर्वोच्च अधिकारात राहून. त्या उघडण्यातच चूक असली तर? २०१७ च्या मे महिन्यात खुद्द मायक्रोसॉफ्टच्या तपासणी-इंजिनात असंच भोक सापडलं. फाइल नुसती तपासली गेली तरी हल्लेखोराचं काम व्हावं, असं. घाईघाईने बुजवलं गेलं. एक इंजिन विंडोजसोबत येणारच आहे, वर आणखी एक कशाला?

अपडेट चुकलं तर काय होतं त्याचेही दाखले आहेत. एप्रिल २०१० मध्ये मकॅफी या विकतच्या अँटीव्हायरसच्या एका अपडेटने एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल विषाणू समजून बाजूला काढली आणि ऑफिसंच्या ऑफिसं बसली. १९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक प्रकरण तर सगळ्यांना आठवत असेल. कंपन्यांच्या मशीनवरच्या या सुरक्षा-सॉफ्टवेअरचं एक अपडेट चुकलं. सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर. ते घरगुती सॉफ्टवेअर नव्हतं, पण खोल शिरलेला रखवालदार अडखळला की काय होतं ते जगाने पाहिलं.

फुकट मिळणाऱ्यांचं आणखी वेगळं. फुकट अँटीव्हायरस देणाऱ्या अवास्टची जंपशॉट नावाची उपकंपनी लोकांच्या ब्राउझिंगचा तपशील विकत होती. बोभाटा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये ती बंद करावी लागली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यापायी कंपनीला १.६५ कोटी डॉलर भरायला लावले. २०२१ मध्ये नॉर्टनने आपल्या अँटीव्हायरसमध्ये क्रिप्टो खणायची सोय घातली. ऐच्छिक होती, मान्य. पण रखवालीच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचं काय काम, हे मला अजून उमगलेलं नाही.

रोजचा जाच वेगळाच. 'तुमच्या मशीनमध्ये नको असलेल्या १८७ गोष्टी सापडल्या', 'तुमचं व्हीपीएन बंद आहे', 'मुदत संपायला अमुक दिवस उरले'. भीक नको पण कुत्रा आवर. घाबरवून विकायची ही रीत आणि चोरांची घाबरवायची रीत दिसायला इतकी सारखी झाली आहे की साध्या माणसाला दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप, आणि त्याचं उदाहरण घरातलंच आहे.

आत्याच्या लॅपटॉपवर उजव्या कोपऱ्यात खालून सारखी लाल सूचना यायची. तिचा फोन आला, "अरे, माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय. तो स्वतःच सांगतोय."

"आत्या, तू कशावर क्लिक नाही ना केलंस?"

"नाही रे बाबा. पण 'आता लगेच स्वच्छ करा' म्हणतोय. करू का?"

"काही करू नकोस, मी येतो."

जाऊन पाहिलं तर सूचनेत एका प्रसिद्ध अँटीव्हायरसचं चित्र, मोठ्ठं उद्गारचिन्ह, आणि खाली बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एका भलत्याच वेबसाइटचा पत्ता. बास, निदान झालं. कुठल्या तरी साइटवर 'पुढे जाण्यासाठी अलाव दाबा' असं आलं असणार आणि तिने दाबलं असणार. ती परवानगी असते त्या साइटला तुमच्या पडद्यावर हव्या तेव्हा सूचना टाकू देण्याची. मशीनमध्ये विषाणू नव्हताच, म्हणून डिफेंडर गप्प होता, आणि त्याचं गप्प राहणं बरोबरच होतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, तिथे साइट सेटिंग, तिथे नोटिफिकेशन. परवानगी मिळालेल्या साइटची यादी समोर आली. ती सगळी रिकामी केली आणि 'कुठल्याही साइटला हे विचारूच देऊ नका' असा पर्याय निवडला. आत्याला वाटलं मी काहीतरी मोठं ऑपरेशन केलं.

तिने त्या लाल सूचनेवर क्लिक केलं असतं तर पुढचं पान काय असतं ते मी इतर मशीनवर पाहिलंय. पूर्ण पडदाभर इशारा, भोंग्यासारखा आवाज, माऊस अडकल्यासारखा, आणि मदतीसाठी एक फोन नंबर. पलीकडचा माणूस अतिशय गोड बोलतो आणि दूरून कॉम्प्युटर चालवायचं एक सॉफ्टवेअर उतरवायला सांगतो. ते सॉफ्टवेअर अस्सल असतं, चांगल्या कंपनीचं असतं, अँटीव्हायरसने त्याला अडवायचं काही कारण नसतं. फायरवॉलही अडवत नाही, कारण कनेक्शन तुम्हीच आतून बाहेर केलेलं असतं. असं पान आलं तर एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. नंबर फिरवू नका.

त्याच्यापेक्षा बेरकी प्रकार अलीकडे, २०२४ पासून, जोरात आहे. 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' असा ओळखीचा चौकोन येतो. टिक केली की पुढच्या पायऱ्या दिसतात. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. इतकं साधं की लहान मूलही करेल. झालेलं असतं असं की तुम्ही टिक केल्याबरोबर पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर एक लांबलचक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. पहिल्या पायरीने 'रन'ची चौकट उघडते, दुसरीने ती आज्ञा तिथे चिकटते, तिसरीने चालते. आज्ञेच्या शेवटी मुद्दाम 'मी यंत्रमानव नाही, पडताळणी क्रमांक अमुक' असा मजकूर जोडलेला असतो. चौकट एवढीशी, म्हणून डोळ्यांना तेवढाच भाग दिसतो. ती आज्ञा एक चोर उतरवून घेते, आणि तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकी (तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या खुणा) उचलून निघून जातो. कधी डिफेंडर मध्येच पकडतो, कधी नाही. पासवर्ड बदलून भागत नाही, 'सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट करा' हेही करावं लागतं, कारण चोरलेल्या कुकीला पासवर्ड विचारलाच जात नाही. आणि ही दोन्ही कामं दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून.

कुठलीही वेबसाइट तुम्हाला 'रन' उघडायला सांगत नसते. कधीच नाही.

तिसरा प्रकार चोरीच्या सॉफ्टवेअरचा. सोबतच्या सूचनांमध्ये पहिलीच ओळ, 'टाकण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा, तो उगीच ओरडतो.' फाइलीला पासवर्ड घातलेला असतो, म्हणजे आत काय आहे ते तपासणाऱ्याला बंद असतानाच दिसू नये. भाच्यांच्या मशीनवर हे इतक्यांदा पाहिलंय की आता रागही येत नाही. पहारेकऱ्याला स्वतःच सुट्टी द्यायची आणि मग त्याच्या नावाने खडे फोडायचे.

म्हणून मशीन हातात आलं की मी करतो ते असं. लॅपटॉपसोबत आलेला, मुदत संपलेला चाचणी-अँटीव्हायरस असेल तर आधी तो पूर्ण उपटतो. सरळ काढून निघाला नाही तर त्याच कंपनीचं काढण्याचं वेगळं साधन मिळतं, ते वापरतो. हे महत्त्वाचं, कारण दुसरा कुणी हजर असेल तर डिफेंडर सौजन्याने बाजूला होतो, आणि मुदत संपलेला काम न करता खुर्ची अडवून बसण्याची शक्यता असते. दोन अँटीव्हायरस एकदम चालवणारेही भेटतात. ते एकमेकांच्या पायात पाय घालतात, बाकी काही नाही. मग विंडोज सिक्युरिटी उघडून रिअल-टाइम (सतत पहारा) आणि टॅम्पर प्रोटेक्शन (पहारा दुसऱ्या प्रोग्रॅमला बंद करू न देणं) चालू आहे ना, फायरवॉलच्या तिन्ही ओळी हिरव्या आहेत ना, हे बघतो.

फाइलींची शेपटं, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी प्रकार सांगणारी अक्षरं, दिसू देण्याची टिकही करतो. २००० सालच्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' विषाणूने जो धुमाकूळ घातला त्यात पत्राच्या फाइलीचं नाव मजकुराच्या फाइलीसारखं दिसायचं, पुढचं खरं शेपूट विंडोज लपवायचं. आजही विंडोज ते आपणहून लपवतं! पंचवीस वर्षांत एवढं बदललं, हे नाही बदललं.

रोज वापरायचं खातं साधं ठेवतो, ॲडमिनचं वेगळं. ब्राउझरला जाहिराती अडवणारं एक चांगलं एक्स्टेन्शन. फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क एरवी वायर काढून कपाटात. कायम जोडलेली डिस्क खंडणीवाला विषाणू मूळ फाइलींसोबतच कुलूपबंद करतो, हे लोकांना नंतर कळतं. एखाद्या फाइलीचा संशय आला तर व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाकून बघायला शिकवतो. तिथे डझनावारी इंजिनं एकदम तपासतात. मात्र खासगी कागद तिथे टाकू नयेत, ते इतरांना उपलब्ध होऊ शकतात.

मॅकवाल्यांना एकच सांगायचं. एक्सप्रोटेक्ट आणि गेटकीपर हे मॅकचे स्वतःचे रखवालदार आत आहेत, पण फायरवॉल मुळात बंद असते, ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. 'मॅकला व्हायरस लागत नाही' हे २०१२ मध्येच निकालात निघालं, फ्लॅशबॅक नावाच्या विषाणूने तेव्हा सहा लाखांच्या आसपास मॅक पकडले होते. लिनक्सवाल्यांना सांगायची सोय नाही, तेच मला सांगतील. तरी उबंटूतली यूएफडब्ल्यू ही फायरवॉल आपोआप चालू नसते, बघून घ्या.

राहता राहिले विंडोज १० वाले, आणि सध्या सगळ्यात जास्त फोन त्यांचेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला. नोंदणी केली तर घरगुती मशीनला वाढीव सुरक्षा-अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आता गोम अशी की डिफेंडरच्या याद्या मात्र विंडोज १० वर त्याच्याही पुढे, २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. म्हणजे अँटीव्हायरस ताजा, बरोबरचं चिन्ह हिरवं, आणि खालच्या विंडोजची भोकं उघडी. ब्लास्टरच्या वेळची अवस्था. त्यावर कुठलाही विकतचा अँटीव्हायरस टाकून उपयोग नाही. मशीन विंडोज ११ घेत असेल तर चढवा. घेत नसेल तर वाढीव अपडेटची नोंदणी करा, आणि ती मुदत संपायच्या आत लिनक्स टाका किंवा मशीन बदला. लिनक्स टाकायचं असेल तर आधी पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर आणि वायफाय ओळखतंय का ते बघा. तिथेच बहुतेकांची गाडी अडते.